सण आधी, कथा मागून : खानदेशी ऋतुसणांचा आढावा

वैशाख लागतो तेव्हा खानदेशातल्या पाचोऱ्याच्या आसपासची काळी रानं मोकळी पडलेली असतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि पावसाला अजून महिना-दीड महिना असतो. अशा दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतात, एकेका बोटाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेतात. मातीची घागर भरून तिच्यावर डांगर आणि सांजोरी ठेवतात. दुपारी चुलीत घास टाकून पितरांना जेवायला बोलावतात. त्याच दिवशी गावच्या लिंबाला झोका बांधलेला असतो आणि सासरहून आलेल्या लेकी त्यावर बसलेल्या असतात. त्याच दिवशी शेतमालकाकडे सालदाराचं जुनं साल संपतं आणि नव्या सालाची बोली ठरते. देवळाच्या ओट्यावर पुरुषांचे पत्ते रंगतात. पितर, लेकी, सालदार आणि पत्ते यांचा एकमेकांशी काय संबंध? अक्षय्य तृतीयेच्या पुराणकथांत परशुरामाचा जन्म आहे, गंगेचं अवतरण आहे, पांडवांचं अक्षयपात्र आणि सुदाम्याचे पोहे आहेत. सालदार त्यांपैकी एकाही कथेत नाही, आणि लिंबाचा झोकाही नाही. म्हणून कोणत्याही ऋतुसणाचा विचार करताना पहिला प्रश्न हा पडतो, की सण कशावर उभा असतो, त्याच्या कथेवर की त्या दिवशी पाळायच्या व्यवहारावर? खानदेशातले सण एका ओळीत मांडून पाहिले आणि ज्या देशाने अशा सणांच्या नोंदी दोन हजार वर्षं लिहून ठेवल्या त्या चीनचे सण त्यांच्या शेजारी ठेवले, तर माझ्या मते उत्तर एकच निघतं. वर्षभरात माणसं एकमेकांचं जे देणं लागतात, ते चुकतं करायच्या तारखा म्हणजे ऋतुसण. कथा त्या तारखांना मागून येऊन चिकटतात.

आधी तारखांचं पाहू. आपले बहुतेक सण चंद्राच्या तिथीवर चालतात, पण शेत चंद्रावर चालत नाही. म्हणून खानदेशातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात नेहमी दोन पंचांगं असतात. एक तिथीचं, सणासुदीसाठी. दुसरं सूर्याच्या नक्षत्रांचं. रोहिणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृग ७-८ जूनच्या सुमारास, मग आर्द्रा, पुनर्वसू, असे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे. मृगाला काय पेरायचं आणि हस्ताच्या पावसाचं काय होतं हे त्याला तिथीवाचून कळतं. चीनमध्येही असंच दुहेरी पंचांग आहे. महिने चंद्राचे, पण वर्ष सूर्याच्या चोवीस टप्प्यांत वाटलेलं, प्रत्येक टप्पा सुमारे पंधरा दिवसांचा. त्यातला एक टप्पा जूनच्या ५-६ तारखेला येतो, म्हणजे आपल्या मृगाच्या अगदी शेजारी, आणि तो शेतकामाच्या घाईचा मानला जातो. युनेस्कोने २०१६ मध्ये हे चोवीस टप्पे मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालायची युक्तीही दोन्हीकडे सारखी आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपल्याकडे अधिक महिना, आणि ज्या चांद्रमासात सूर्याचा मुख्य टप्पा पडत नाही तो तिकडे जादा महिना. दोन्हीकडे १९ वर्षांत साधारण सात महिने वाढतात. हा हिशेब हवेतून आलेला नाही, त्यामागे अभ्यास आहे. पाचोऱ्याच्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात शके ११२८चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तिथे मठ स्थापल्याची आणि त्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद त्या लेखात आहे. आखाजी कधी आणि पोळा कधी, हे ठरवणारं गणित खानदेशाच्याच मातीत शिकवलं जात होतं, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आता आखाजीकडे परत येऊ, कारण या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. खानदेशात दिवाळीपेक्षाही आखाजीचं महत्त्व मोठं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि त्याचं कारण लेकीत आहे. कपाशी वेचून झाली, गहू-हरभरा घरात आला, आता मृगापर्यंत शेतात बाईच्या हाताला काम नाही. सासरच्यांना सून सोडायला परवडते ते याच दिवसांत. मग माहेरी गौराई बसते. लाकडात कोरलेली, घरोघरी पिढ्यानपिढ्या जपलेली ही गौराई म्हणजे माहेरी आलेली लेकच. तिच्यासमोर गाणी होतात, तिला हारांनी मढवतात, तिला न्यायला येणारा शंकर हा जावई असतो आणि त्याची गाण्यांतून भरपूर थट्टा चालते. सासरी जे बोलता येत नाही ते या गाण्यांत बोललं जातं. विसर्जनाच्या दिवशी दोन गल्ल्यांच्या किंवा नदीच्या दोन काठांवरच्या बाया एकमेकींना शिव्याही देतात, आणि त्या शिव्यांचा राग धरायचा नाही असा रिवाज आहे. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. आखाजीवरच्या त्यांच्या गाण्याचा सगळा जीव झोक्यात आणि माहेरात आहे. ज्या बाईने सगळं आयुष्य शेतात आणि घरात राबून काढलं, तिला या सणात मोलाचं काय वाटलं हे त्यावरून कळतं. देवकथेने आखाजी उभी केली असती तर गौराईचं लग्न, तिचं तप, तिचा विवाहसोहळा यांना मध्य मिळाला असता. इथे मध्य आहे तो लेकीच्या चार दिवसांच्या सुटीला.

सालदाराचंही तसंच. वर्षभराच्या बोलीवर राबणारा हा माणूस. काही रोख, काही धान्य, कपडा, चप्पल, सणाला उचल अशा अटींवर त्याचं साल ठरतं. ते आखाजीला संपतं म्हणजे त्या दिवशी तो कुणाचाही नसतो. नव्या मालकाशी बोली करायला, जुन्याकडून बाकी मागायला, किंवा वाढीव पैशांसाठी अडून बसायला त्याच्या हातात वर्षातला हाच एक दिवस. मृगाच्या तोंडावर ही बोली झाली असती तर सालदार मालकाला अडवू शकला असता, आणि कापसाच्या वेचणीआधी झाली असती तर मालकाने सालदाराला अडवलं असतं. काम नसलेल्या दिवसांत ती ठेवण्यात दोन्ही बाजूंची सोय आहे. पितरांची घागर आणि सालदाराची बोली एका दिवशी येणं हा योगायोग नव्हे. मागचं सगळं देणं फेडून नवं वर्ष मोकळ्या मनाने सुरू करायचं, मग ते देणं मेलेल्यांचं असो, लेकीचं असो की राबणाऱ्याचं.

चीनमध्ये ही कामं एका सणात एकवटलेली नाहीत, तीन-चार सणांत विखुरलेली आहेत, आणि म्हणूनच ती जास्त स्पष्ट दिसतात. पितरांसाठी तिथे छिंगमिंग आहे, एप्रिलच्या ४-५ तारखेला. घरचे लोक थडग्यांवरचं गवत काढतात, माती सारखी करतात, अन्न ठेवतात. लेकींसाठी वसंतोत्सवाचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा दुसरा दिवस. त्या दिवशी अनेक भागांत लग्न झालेल्या मुली नवऱ्याला घेऊन माहेरी जातात. आणि हिशेबासाठी तर जुन्या चीनमध्ये तीन सण ठरलेलेच होते. पाचव्या महिन्यातला त्वानवू, आठव्या महिन्यातली शरद पौर्णिमा आणि वर्षअखेर. व्यापाऱ्याची उधारी, घरभाडं, नोकराचा पगार, मास्तरांचा मोबदला हे सगळं या तीन तारखांना चुकतं करायचं, आणि वर्षअखेर तर कर्जदाराच्या जिवावर यायची. होड्यांच्या शर्यती, चंद्राच्या आकाराचे गोड वडे आणि फटाके यांच्या आड एवढा रोखठोक व्यवहार दडलेला आहे, हे त्या सणांची रंगीत वर्णनं वाचताना सहज नजरेतून सुटतं. आपल्याकडे पाडव्याचं वहीपूजन आणि आखाजीची सालदारकी यांच्याकडे आपण सण म्हणून पाहत नाही. माझ्या मते सणाचा गाभा तोच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा विचार रूक्ष आहे, लोक सण करतात ते श्रद्धेपोटी आणि कथेपोटी. कथा काढून टाकली तर उरतं काय? कथेचं मोल मी नाकारत नाही. कथा सणाला चेहरा देते, मुलांना सांगता येईल असं काहीतरी देते. पण ती पाया असती तर कथा बदलल्यावर रिवाजही बदलला असता. प्रत्यक्षात उलटंच घडतं. त्वानवूचं उदाहरण घ्या. आज सारं जग सांगतं की हा सण छू युआन या कवीचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात राज्य बुडाल्याच्या दुःखाने त्याने नदीत उडी घेतली, त्याला शोधायला लोकांनी होड्या काढल्या, माशांनी त्याचं शरीर खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला. पण सूचौच्या बाजूला हाच सण वू त्सिशू या मंत्र्याचा आहे, ज्याचा देह राजाने नदीत फेकला. शाओशिंगकडे तो त्साओ अ या मुलीचा आहे, जी बुडालेल्या बापाला शोधताना मेली. तीन प्रदेश, तीन कथा, आणि दारावर लावायच्या औषधी पानांची जुडी मात्र सगळीकडे सारखीच. पाचवा महिना दमट उन्हाचा, साथींचा आणि विंचू-सापांचा. घर झाडून, उग्र वासाची पानं लावून रोगराई बाहेर ठेवायची, हा त्या दिवसाचा मूळ उद्देश. छू युआन त्यात नंतर आला असं विसाव्या शतकात वन यीतुओ या कवी-अभ्यासकानेही मांडलं.

याहून बोलकं उदाहरण थंड जेवणाचं आहे. छिंगमिंगच्या आदल्या दिवसांत जुन्या चीनमध्ये चूल पेटवायची नाही, आधी शिजवलेलं गार खायचं, असा रिवाज होता. कथा अशी की जिए त्सितुई नावाच्या सेवकाने परागंदा राजपुत्राला उपासमारीत स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घातलं. राजपुत्र गादीवर बसला आणि त्याला विसरला. पुढे आठवण झाली तेव्हा तो आईला घेऊन डोंगरात गेला होता. त्याला बाहेर काढायला राजाने जंगलाला आग लावली आणि तो तिच्यात जळून मेला. म्हणून त्या दिवशी विस्तव नाही. आता श्रावणातल्या शीतळा सप्तमीकडे बघा. आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवायचा, सप्तमीला चूल थंड ठेवून तिची पूजा करायची, शिळं खायचं. इथली कथा शीतळादेवीची, भाजलेल्या अंगाची, वाचलेल्या बाळाची. दोन कथांत जळण्या-भाजण्याखेरीज एक धागा सारखा नाही, आणि चुलीला मात्र दोन्हीकडे एका दिवसाची विश्रांती. चुलीला विश्रांती म्हणजे चुलीपुढे बसणारीला विश्रांती, हे मी माझ्याकडून जोडतो. पण शीतळा सप्तमीला बायांच्या चेहऱ्यावर जो मोकळेपणा असतो तो पाहिलेल्या कुणालाही ते पटावं.

खानदेशाचा खास म्हणावा असा सण कानबाईचा. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. पाटावर कलश, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ, त्याला डोळे, नथ, दागिने, साडी. रात्रभर अहिराणी गाणी. सकाळी बाया तो पाट डोक्यावर घेतात आणि वाजतगाजत नदीवर निघतात. श्रावणात गावच्या नदीला पाणी असतं, पाचोऱ्यातून वाहणाऱ्या हिवरेलाही तेव्हा जीव आलेला असतो. कानबाई कोण, या प्रश्नाला मात्र एक उत्तर नाही. कुणी तिला कन्हेर राजाची राणी म्हणतं, कुणी पार्वती, कुणी कुळाची आई. तिच्याबरोबर राणूबाईचं नाव येतं, आणि सातपुडा ओलांडून निमाडात गेलं की तिथल्या गणगौरीत हीच राणूबाई धणियर राजाची बायको होऊन भेटते. तिथे सण चैत्रात, इथे श्रावणात. कथेला असं हिंडायला मोकळीक आहे, कारण सणाचं वजन तिच्यावर नाही.

कानबाईचं वजन आहे रोटांवर. रोटांसाठी गहू मोजायची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. बहुतेक घराण्यांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी तान्ह्या मुलाच्या नावानेही, मूठ धरून गहू घेतात, आणि मोजणी सव्वाची असते. नोकरीला परगावी असलेल्याची मूठ गळत नाही. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या, जोडीला खीर आणि गंगाफळाची भाजी. हे जेवण भाऊबंदांचं, अनेक घराण्यांत ते कुळाबाहेर देत नाहीत. म्हणजे वर्षातून एकदा कुळाची शिरगणती होते. कोण आपला, कोण जन्मला, कोण गेला, कुणाशी भांडण झालं म्हणून कोण आला नाही, हे सगळं त्या एका टोपलीतल्या गव्हावर कळतं. भाऊबंदकी म्हटलं की आपल्याला कोर्टकज्जे आठवतात, बांधावरची भांडणं आठवतात. त्याच भाऊबंदांना एका पंगतीला बसवायची सक्ती करणारा दिवस कुणीतरी फार शहाणपणाने ठरवलेला आहे. हा सण किती पक्का आहे याचा पुरावा खानदेशाबाहेर मिळतो. सुरतेच्या कापड गिरण्यांत आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत गेलेल्या खानदेशी वस्त्यांत, कल्याण-डोंबिवलीत, नाशकात, पुण्यात कानबाई थाटात बसते. तिथे शेत नाही, नदी लांब आहे, अहिराणी मुलांना पुरती येत नाही. तरी रोट होतात, कारण कुळ मोजायची गरज परगावी कमी होत नाही, वाढते.

पोळ्याबद्दल फार सांगायला नको. श्रावण अमावास्येला बैलाला धुवून, रंगवून, पुरणपोळी खाऊ घालायची आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, यात देणं कुणाचं आणि फेडायचं कसं हे उघड आहे. आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, मातीचे बैल पुजले जातात. सातपुड्यातल्या आदिवासींच्या होळीचा मात्र उल्लेख करायलाच हवा. होळीआधीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांत कामाला परमुलखात गेलेली माणसं गावी परततात, खरेदी करतात, भेटतात. अक्कलकुव्याजवळच्या काठीची होळी पाहायला दूरदूरचे लोक जातात आणि नृत्याची छायाचित्रं काढतात. त्या छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अशी, की ऊसतोडीहून, वीटभट्टीहून परत यायची तारीख होळी ठरवते.

भुलाबाई, म्हणजे जळगावकडची गुलाबाई, हा मुलींचा सण. भाद्रपदी पौर्णिमेला बसते, कोजागिरीला उठते. महिनाभर संध्याकाळी घराघरांतून गाणी, शेवटी खिरापत, आणि डब्यात काय आहे ते ओळखायचा खेळ. कथा सांगतात ती भिल्लिणीच्या रूपातल्या पार्वतीची आणि सारीपाटाच्या डावावरून रुसलेल्या शंकराची. चीनच्या शरद पौर्णिमेशी हिचं नातं आकाशातलं आहे. दोन पंचांगांतले जादा महिने वेगवेगळ्या वर्षी पडतात, त्यामुळे ती पौर्णिमा कधी आपल्या भाद्रपदीला येते, कधी कोजागिरीला. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती, आपली गुलाबाई बसायच्या वेळी. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, नेमकी कोजागिरीच्या रात्री. तिकडे चंद्रावर छांग-अ नावाची स्त्री आहे, अमरत्वाचं औषध पिऊन एकटी उडून गेलेली, आणि सोबतीला औषध कुटणारा ससा. चंद्रावर ससा आपणही पाहतो. आपण दूध आटवून जागतो, ते गोल वडे वाटून खातात आणि दूर गेलेल्या माणसांची आठवण काढतात. पावसाळा सरला, पीक हाताशी आलं, आकाश निवळलं, आता माणसांनी एका जागी यावं, ही इच्छा दोन्हीकडे सारखी.

इथे दुसरा आक्षेप विचारात घ्यायला हवा. कुठे खानदेश, कुठे चीन, अशी साम्यं जुळवत बसलं तर काहीही जुळतं, असं कुणी म्हणेल. ते खरंही आहे. वर सांगितलेली बहुतेक साम्यं उसनवारीची नाहीत. मोसमी पावसावर जगणारे, चंद्राने महिने मोजणारे दोन शेतकरी समाज एकसारख्या अडचणींना एकसारखी उत्तरं काढतात, एवढंच त्यांतून सिद्ध होतं, आणि माझ्या मुद्द्याला तेवढं पुरतं. उसनवारी सिद्ध करता येते ती एका ठिकाणी. चीनमध्ये सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला भुकेल्या प्रेतात्म्यांना अन्न देतात. तिची प्रसिद्ध कथा मूलियान या भिक्षूची आहे, नरकात पडलेल्या आईला सोडवणाऱ्याची. मूलियान म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन. भिक्षूंचा वर्षावास संपताना त्यांना दान द्यायचं आणि त्या पुण्याने पितरांना सोडवायचं, ही कल्पना बौद्ध धर्माबरोबर इथून तिकडे गेली. पाचोऱ्याहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या विहारांत पावसाळ्याचे महिने असेच काढले जात. पण तिथेही गंमत पाहा. परकी कथा चीनमध्ये रुजली ती पितरांना जेवू घालण्याचा रिवाज तिथे आधीपासून होता म्हणून. ज्या धर्मात भिक्षू घर सोडतो त्याच धर्मातला भिक्षू तिथे आईसाठी नरकात उतरणारा मुलगा झाला.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. शेतीच बदलली. २००२ नंतर बीटी कापूस आला, ठिबक आलं, पाण्याची सोय असलेले मे महिन्यातच कपाशी लावू लागले आणि आता गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं जूनपर्यंत थांबायला सांगतं. सून नोकरी करते, तिची सुटी वैशाखावर ठरत नाही. मग ज्या व्यवहारावर सण उभे होते तोच गेला, तर सण फक्त आठवणीपुरते उरणार ना? चीनचा अनुभव याचं अर्धं उत्तर देतो. तिथल्या प्रजासत्ताकाने १९१२ मध्ये इंग्रजी पंचांग स्वीकारलं, पुढे जुनं नववर्ष बंद करायचा प्रयत्न झाला, १९६७ मध्ये सांस्कृतिक क्रांतीत वसंतोत्सवाची सुटीच रद्द झाली. सण मेला नाही, घरात गेला. पुढे २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या गांगनुंगच्या दानोजे उत्सवाला युनेस्कोची मान्यता मिळाली, तेव्हा आपला त्वानवू दुसऱ्याने नेला म्हणून चीनमध्ये गदारोळ उठला. २००८ पासून छिंगमिंग, त्वानवू आणि शरद पौर्णिमेला सरकारी सुट्या मिळाल्या. २००९ मध्ये त्वानवू आणि २०२४ मध्ये वसंतोत्सव युनेस्कोच्या यादीत आला. यादीत येण्याने प्रतिष्ठा मिळते. पण दर वर्षी कोट्यवधी कामगार शहरांतून गावी परततात ते यादीमुळे नाही. सुटी मिळते आणि घरी कुणीतरी वाट पाहत असतं, म्हणून ते जातात. शेती बदलली तरी माणसं एकमेकांपासून दूर राहून काम करतात ही गोष्ट बदललेली नाही, उलट ती वाढली आहे. म्हणून आखाजीचं काय करावं याचं माझं उत्तर मंचावरच्या झोक्याच्या स्पर्धेत किंवा महोत्सवात नाही. लेकीला चार दिवस मिळतात का, सालदाराची बाकी त्या दिवशी चुकती होते का, याने आखाजी जिवंत आहे की नाही ते ठरेल. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्या देता येतात. खानदेशात त्यांतली एक आखाजीला मिळावी, ही मागणी महोत्सवाच्या अनुदानापेक्षा जास्त मोलाची आहे.

शेवटचा आक्षेप सुधारकांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. या सणांत घातक गोष्टी आहेत. आखाजीच्या पत्त्यांत घरं बुडतात. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून त्या दिवशी लग्नं लागतात आणि त्यांत बालविवाहही होतात. २००६चा कायदा असूनही प्रशासनाला त्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. यात्रांत एकमेकींना जोडलेल्या बारागाड्या ओढताना माणसं चाकाखाली येतात. परंपरा म्हणून हे सारं मुकाट्याने चालू द्यायचं का? मुळीच नाही, आणि सण व्यवहारावर उभा आहे हे मानलं की हे सांगणं सोपं होतं. चीनमध्ये थंड जेवणाचा रिवाज थायुआनच्या भागात इतका लांबला की ऐन थंडीत लोक महिनाभर विस्तव न पेटवता गार खात आणि म्हातारे, मुलं त्यात दगावत. इसवी सन २०६ च्या सुमारास त्या वेळचा सत्ताधीश त्साओ त्साओ याने हुकूम काढून तो बंद केला. जिए त्सितुईच्या कथेला त्याने धक्का लावला नाही. जी गोष्ट माणसाला मारते ती गाळली. पुढे तो रिवाज थोड्या दिवसांचा होऊन छिंगमिंगमध्ये मिसळून गेला, आणि पितरांच्या थडग्यांवर फुलं वाहणं आजही चालू आहे. सणातून जे कुणाचं तरी देणं फेडतं ते ठेवावं, जे कुणाला तरी नव्याने कर्जात किंवा जोखमीत लोटतं ते काढावं. पत्ते, बालविवाह आणि चाकाखालची माणसं काढून टाकली तर आखाजीचं किंवा यात्रेचं काहीही कमी होत नाही.

या कसोटीवर एक गोष्ट मात्र आपल्या सर्वांत लाडक्या सणातच खोटी ठरते, आणि ती सांगितल्याशिवाय हा आढावा प्रामाणिक होणार नाही. कानबाई बाईची, तिला डोक्यावर घेणाऱ्या बाया, रात्रभर गाणाऱ्या बाया, रोट लाटणाऱ्या आणि पुरण वाटणाऱ्या बाया. आणि मूठ मात्र पुरुषाच्या नावाची. वर्षातून एकदा कुळ मोजलं जातं आणि त्यातून अर्धं कुळ गळतं. लेक परक्या घरची म्हणून आणि सून परक्या घरची आलेली म्हणून. ज्या खानदेशाने आखाजीला लेकीसाठी अख्खा सण ठेवला, त्याच खानदेशाने श्रावणात तिची मूठ विसरावी हे शोभत नाही. कोणत्याही पोथीने हे ठरवून दिलेलं नाही, हा घराण्याघराण्यांचा रिवाज आहे आणि घरातली वडीलधारी माणसं तो बदलू शकतात. येत्या कानबाईला पाचोऱ्यात, भडगावात, अमळनेरात, सुरतेत जिथे कुठे रोटांचे गहू मोजले जातील, तिथे घरच्या लेकी-सुनांच्या नावाचीही सव्वा मूठ त्यात पडू द्या.